सोडल्यानंतरची सिगारेट

२२ जून २००९ रोजी बराक ओबामा यांनी सिगारेट कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या देखरेखीखाली आणणाऱ्या कायद्यावर सही केली. दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत त्यांना विचारण्यात आलं, की तुम्ही स्वतः अजून ओढता का? हा कायदा आपल्यासाठी नसून पुढच्या पिढीतल्या मुलांसाठी आहे, असं आधी सांगून त्यांनी कबूल केलं, की आपण पंच्याण्णव टक्के बरे झालो आहोत, पण अधूनमधून पाय घसरतो. २००७ साली अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरताना त्यांनी पत्नीला सिगारेट सोडण्याचा शब्द दिला होता. निकोटिनचं च्युइंगम चघळतच त्यांनी प्रचार केला आणि नंतर कारभारही. फेब्रुवारी २०११ मध्ये मिशेल ओबामांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांनी जवळपास वर्षभर सिगारेटला हात लावलेला नाही. म्हणजे दिमतीला डॉक्टरांचा ताफा असलेल्या आणि ज्याच्या बारीकसारीक हालचालीवर सगळ्या जगाचं लक्ष आहे अशा माणसालाही शब्द देण्यापासून तो पाळण्यापर्यंत तीन वर्षं लागली.

ही गोष्ट दुबळेपणाची नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्या बहुतेकांची वाट अशीच असते. सोडण्याच्या दिवसाचं कौतुक होतं, घरात पेढे वाटले जातात, मित्र पाठ थोपटतात. पुढच्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी त्या माणसाचं काय चाललं आहे, हे कुणी विचारत नाही. खरी लढाई तर तेव्हाच चालू असते.

भारतात ही लढाई किती जण लढतात? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातले १०.७ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या मनात सोडायचं होतं आणि सुमारे ३८ टक्क्यांनी आधीच्या बारा महिन्यांत प्रयत्नही केला होता. पण प्रयत्न करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी डॉक्टर, समुपदेशक, औषध यांतल्या कशाचीही मदत घेतली नव्हती. ‘मनाचा निग्रह हवा, बाकी काही नको’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. निग्रह लागतो, यात वाद नाही. मात्र फक्त निग्रहावर निघालेल्यांचं पुढे काय होतं, याची मोजदाद झालेली आहे आणि ती डोळे उघडणारी आहे.

१९७१ साली हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी संशोधकांनी दारू, हेरॉइन आणि सिगारेट सोडलेल्यांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. तिन्ही रेषा जवळजवळ एकसारख्या निघाल्या. पहिल्या तीन महिन्यांत त्या कड्यावरून कोसळाव्यात तशा खाली येतात आणि मग हळूहळू सपाट होत जातात. २००४ साली जॉन ह्यूज यांनी कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. परत ओढू लागलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परतले होते आणि सहा महिने ते वर्षभर टिकलेले शंभरात तीन ते पाच. हे आकडे वाचून खचून जाण्याचं कारण नाही. त्यांचा खरा उपयोग असा, की धोका कधी सर्वांत जास्त आहे हे त्यांतून कळतं.

त्याच आलेखाचा दुसरा भाग मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. बॉस्टनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, किमान दोन वर्षं सिगारेटपासून दूर राहिलेल्या पुरुषांची नोंद ठेवली गेली. दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी त्यांतले दोन ते चार टक्के परत ओढू लागले. दहा वर्षं उलटल्यावर हे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून खाली आलं. धोका शून्य होत नाही, पण तो इतका लहान होतो, की त्या माणसाला निर्धास्त जगता येतं.

पहिल्या आठ दिवसांत शरीरात नेमकं काय घडतं? झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. सिगारेट बंद झाली की हे सगळे ग्राही रिकामे, उपाशी राहतात. त्यातून चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, भूक खवळते, जीव कासावीस होतो. पहिल्या आठवड्यात हा त्रास शिखरावर असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. मेंदूच्या चित्रणातून दिसलेलं आहे, की ग्राहींची संख्या सहा ते बारा आठवड्यांत, कधीच न ओढणाऱ्या माणसाइतकी होते. शरीराच्या बाजूने पाहिलं तर तीन महिन्यांत हिशेब बऱ्यापैकी चुकता होतो.

याच काळात काही अनपेक्षित पाहुणे येतात आणि त्यांची कल्पना आधी दिलेली नसल्यामुळे माणूस घाबरतो. तोंड येतं. पोट साफ होत नाही. खोकला कमी होण्याऐवजी काही दिवस वाढल्यासारखा वाटतो. ‘ओढत होतो तेच बरं होतं’ हे वाक्य इथेच जन्माला येतं. हे सगळे त्रास तात्पुरते असतात, पण ते कुणीतरी आधीच सांगायला हवं.

चहा-कॉफीचं तर आणखी वेगळंच आहे. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं आणि कॅफिनचा निचरा झपाट्याने होतो. धूर थांबला की तो वेग मंदावतो. मग रोजचेच सहा कप चहा अंगात दुपटीने राहतात. हात थरथरतात, छातीत धडधडतं, रात्री डोळा लागत नाही, आणि बिचारा माणूस समजतो की ही सिगारेटची तलफ आहे. सोडण्याच्या पहिल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणला तर या त्रासातला मोठा भाग टळतो. औषधांबाबतही हेच आहे. दम्यासाठीचं थिओफिलिन किंवा स्किझोफ्रेनियासाठीचं क्लोझापिन घेणाऱ्याने सिगारेट सोडली तर त्या औषधाची रक्तातली पातळी चढते आणि डोस कमी करावा लागतो. म्हणून सिगारेट सोडत असल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालणं अशा रुग्णांसाठी अत्यावश्यक आहे.

शरीर तीन महिन्यांत सावरतं, तरी माणसं पाचव्या महिन्यात आणि दुसऱ्या वर्षी का घसरतात? उत्तर टपरीवर उभं राहिलं की मिळतं.

दुपारचे साडेतीन वाजलेत. ऑफिसातून चौघं खाली उतरतात. टपरीवाला न विचारता चार कटिंग ओततो. खारीच्या बरणीशेजारी सिगारेटची उघडी पाकिटं, खांबाला दोरीने बांधलेला लायटर. एकाच्या तोंडून सवयीने ‘एक छोटी दे’ निघतं. ज्याने सोडून चार महिने झाले आहेत तो ग्लास हातात धरून उभा आहे. सकाळपासून त्याला आठवणही झालेली नव्हती. पण चहाचा वाफाळता वास, लायटरचा खटका, शेजारच्याने सोडलेला पहिला धूर हे तिन्ही एकत्र आले आणि रिकाम्या हाताला काय करावं ते कळेना. ही तलफ पोटातून किंवा रक्तातून आलेली नाही. हजारो वेळा एकापाठोपाठ घडलेल्या गोष्टींची साखळी मेंदूने पाठ केलेली आहे आणि पहिली कडी दिसताच तो शेवटची मागतो आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोडलेल्यांना सात, चौदा आणि पस्तीस दिवसांनी सिगारेटशी संबंधित दृश्यं दाखवण्यात आली. एरवीची, दिवसभराची तलफ दिवसांबरोबर कमी होत गेली होती. खुणा पाहिल्यावर उसळणारी तलफ मात्र पस्तिसाव्या दिवशी सातव्या दिवसापेक्षा जास्त होती. ‘आता मला काही वाटत नाही’ म्हणून महिन्याभराने जुन्या कट्ट्यावर जाऊन बसणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. त्याला वाटत नाही हे खरंच असतं, पण तिथे पोचेपर्यंतच.

आणि टपरीवर जे विकलं जातं ते पाकीट नसून सुटी सिगारेट असते. पाकीट घ्यायचं तर बरेच पैसे मोजावे लागतात, खिशात ते ठेवावं लागतं, घरी लपवावं लागतं. त्या तेवढ्या वेळात विचार बदलू शकतो. सुटी सिगारेट किरकोळ पैशांत येते आणि चहा संपेस्तोवर संपते. ‘एकाने काय होतंय’ या वाक्याला लागणारी सगळी सोय तिने करून ठेवलेली आहे. शिवाय एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र आहे, सप्टेंबर २०१८ पासून सोडण्यासाठी मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे. सुटी घेणाऱ्याच्या नजरेला यांतलं काहीच पडत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यावर बंदी घातली. हा निर्णय अगदी योग्य होता, पण आज कोणत्याही शहरात टपरीवर सुटी सिगारेट मिळते. सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बंदी कागदावरून रस्त्यावर येणं इतर अनेक मोहिमांपेक्षा मोलाचं ठरेल.

या मोहाच्या क्षणी माणसं नेमकं काय करतात, हे शोधण्याचा पहिला नेटका प्रयत्न सॉल शिफमन यांनी केला. सोडलेल्या लोकांसाठी एक टेलिफोन सेवा होती. मोह आवरेना झाला की तिथे फोन करायचा. १९८२ साली शिफमन यांनी या फोनवर सांगितल्या गेलेल्या प्रसंगांचं विश्लेषण मांडलं. बहुतेक प्रसंग मनाची ओढाताण चालू असताना घडलेले होते. काही मात्र अगदी मजेत असताना, जेवणानंतर किंवा मित्रांबरोबर पिताना. सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हे, की त्या क्षणी ज्यांनी काहीतरी केलं, मग ते उठून दुसऱ्या खोलीत जाणं असो, पाणी पिणं असो, की आपण का सोडली हे स्वतःशी घोकणं असो, ते बहुधा वाचले. ज्यांनी काहीच केलं नाही ते घसरले. अमुकच युक्ती हवी असं नव्हतं. तलफेची लाट साधारण काही मिनिटांची असते. ती मिनिटं कशानेतरी भरली पाहिजेत, आणि कशाने भरायची हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. टपरीवर उभं राहून ते सुचत नाही.

दिल्लीच्या बत्तीस गरीब वस्त्यांत झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वापरणाऱ्या सुमारे बाराशे लोकांपैकी एका गटाला नेहमीसारखी त्रोटक सूचना मिळाली. दुसऱ्या गटाला घरी जाऊन पंधरा-एक मिनिटं सल्ला दिला गेला आणि तलफ आल्यावर करायचा श्वासाचा एक साधा योगप्रकार शिकवला गेला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ०.५ टक्के तंबाखूमुक्त होते आणि दुसऱ्यातले २.६ टक्के. आकडे लहान आहेत. पण एकदाच, काही मिनिटांच्या भेटीत, औषधाचा छदामही खर्च न करता पाचपट फरक पडला, हे विसरून चालणार नाही.

मग ज्याने एक ओढलीच, त्याचं काय? या प्रश्नावर सगळ्यांत खोल विचार केला तो मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी. ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबरचं त्यांचं व्यसनात परत पडणं टाळण्याविषयीचं पुस्तक १९८५ साली आलं. त्यांचं म्हणणं असं, की एकदा घसरणं आणि व्यसनात परतणं यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते आणि त्या जागेत माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचं सगळं ठरतं. ‘संपलं सगळं, मी हा असाच’ असं म्हणणारा त्याच संध्याकाळी पाकीट घेतो. ‘पार्टीत अमुक माणसाशेजारी बसलो आणि पहिला ग्लास रिकामा झाला होता, तिथे चूक झाली’ असं म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कुठे सावध व्हायचं ते कळतं. मार्लाट यांचं हे विवेचन खरं आहे आणि उपयोगीही, पण त्याचा अर्थ ‘एखादी चालते’ असा काढणं घातक ठरेल. सोडल्यानंतर एकदा ओढलेल्यांचा माग घेणाऱ्या अभ्यासांत बहुतेक जण पुन्हा नियमित ओढू लागलेले दिसले आहेत. म्हणून सोडलेल्यासाठी नियम एकच, एक झुरकाही नाही. आणि तो नियम मोडला तर शिक्षा करत बसायचं नाही, त्याच दिवशी, त्याच तासापासून परत सुरुवात करायची. उरलेलं पाकीट ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवायचं नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणि महाराष्ट्रातल्या मद्यपाशमुक्तीच्या गटांत हे शहाणपण गेली अनेक वर्षं रोजच्या बोलण्यात आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर, मुक्तांगण सुरू केलं. तिथे ‘स्लिप झाली’ हे लपवण्याऐवजी सांगायला शिकवतात. आयुष्यभराची शपथ घेण्यापेक्षा ‘फक्त आजचा दिवस’ काढायला सांगतात. केंद्रातून बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या बैठका असतात आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट असतो. दारू सोडणाऱ्याला हे सगळं लागतं, हे आता समाजाने मान्य केलेलं आहे. सिगारेट सोडणाऱ्यालाही याच धाग्याची गरज असते, पण त्याला ‘एवढ्याशा सिगारेटसाठी?’ असं ऐकावं लागतं. १९७१ च्या आलेखात या दोघांच्या रेषा सारख्या आल्या होत्या, हे इथे पुन्हा आठवावं.

घरातल्या माणसांचा वाटा केवढा असतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने दाखवलं. हृदयविकाराच्या अभ्यासासाठी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी त्यातल्या १२,०६७ लोकांची नाती आणि सिगारेटची सवय यांचा बत्तीस वर्षांचा पट २००८ साली मांडला. जोडीदाराने सोडली तर माणूस ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. माणसं एकेकटी सोडत नव्हती, टोळक्याटोळक्याने सोडत होती. आपल्याकडे ‘चल, सुट्टा मारून येऊ’ ही कचेरीतली सर्वांत सोपी मैत्री आहे. सोडणाऱ्याला सिगारेटबरोबर ही मैत्रीही सोडावी लागते, आणि हे दुःख कुणी हिशेबात धरत नाही. चौघांतल्या दोघांनी एकत्र सोडायचं ठरवलं तर चहाची वेळही वाचते आणि मैत्रीही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. पंढरीच्या वारीला जाऊ लागलेला, तुळशीची माळ घातलेला माणूस व्यसन सोडतो आणि अनेकदा कायमचं सोडतो. त्याच्या मागे गावाची नजर असते, बरोबर दिंडी असते, आणि माळ गळ्यात असेपर्यंत कुणी त्याच्यापुढे पाकीट धरत नाही. याउलट श्रावणापुरती सिगारेट बंद ठेवणारे गणपती येईतो पुन्हा सुरू करतात. तीस दिवस जमलं याचा अर्थ पहिल्या आठ दिवसांचा कडा त्यांनी ओलांडलेला असतो. सर्वांत अवघड भाग पार केल्यावर ही माणसं स्वतःहून परत फिरतात, कारण त्यांना कुणी पुढे बोलावलेलं नसतं. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१२ पासून ऑक्टोबर महिना सिगारेटमुक्त ठेवण्याची मोहीम चालवली ती नेमक्या याच तर्कावर. अठ्ठावीस दिवस काढणारा पुढेही टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते. आपल्याकडे श्रावण आयता आहे. त्याच्या शेवटी हात द्यायला कुणीतरी हवं.

सिगारेट परत सुरू करण्याची दोन कारणं मराठी घरांत हमखास ऐकू येतात. एक म्हणजे वजन. ते वाढतं, यात खोटं नाही. पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. पण त्यासाठी परत ओढणं हा फार महागाचा सौदा आहे. संध्याकाळचं चालणं आणि तळकटाऐवजी फुटाणे-काकडी यांनी वाढ आटोक्यात राहते. दुसरं कारण टेन्शन. सिगारेटने डोकं शांत होतं, या अनुभवावर लोकांचा ठाम विश्वास असतो. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सव्वीस अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते. सिगारेट जो ताण शमवते तो मुख्यतः आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्याने आलेला असतो. हे कळलेला माणूस परीक्षेच्या, मृत्यूच्या, नोकरी गेल्याच्या प्रसंगी दुसरा आधार शोधू लागतो.

औषधांचा इतिहास समुद्राखालून सुरू होतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांना दिसलं, की पाणबुडीत सिगारेट ओढता न येणारे नौसैनिक तंबाखू तोंडात धरून वेळ निभावतात. त्यावरून ओवे फर्नो यांनी निकोटिनचं च्युइंगम तयार केलं. धुरातला विषारी भाग वगळून फक्त निकोटिन द्यायचं आणि तेही हळूहळू कमी करत न्यायचं, ही त्यामागची कल्पना. च्युइंगम, पट्ट्या यांनी सोडण्याची शक्यता साधारण दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ही साधनं २००९ साली आली, बुप्रोपियन आणि व्हेरेनिक्लिन या गोळ्या २०२१ साली. सोळा देशांतल्या ८,१४४ जणांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत एकही न ओढता राहिलेले व्हेरेनिक्लिनवर २१.८ टक्के होते, पट्टीवर १५.७ आणि नुसत्या दिखाऊ गोळीवर ९.४. व्हेरेनिक्लिन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं असतं.

दोन मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम भारतात औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते कसं खायचं हे दुकानदार सांगत नाही. साध्या च्युइंगमसारखं सतत चावलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि उपयोग होत नाही. दोन-चारदा चावून जिभेला झणझणलं की ते गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, झणझण थांबली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळत असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत टाळायचं, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. ‘च्युइंगमने काही झालं नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ही एवढी गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. सोडायला मदत करणारी साधनं विज्ञानाकडे आहेत. आधीच सोडलेल्याला टिकवून ठेवणारं खात्रीचं साधन अजून नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात, घसरणीचे प्रसंग ओळखायला आणि टाळायला शिकवणाऱ्या वर्गांचा वेगळा फायदा सिद्ध झालेला आढळला नाही. व्हेरेनिक्लिन नेहमीपेक्षा जास्त काळ चालू ठेवल्यास काही उपयोग होऊ शकतो, एवढंच हाती लागलं. पैशाच्या बक्षिसांचीही हीच कहाणी. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोख रक्कम देऊ केली, तेव्हा नऊ ते बारा महिन्यांच्या टप्प्यावर १४.७ टक्के टिकले होते आणि बक्षीस नसलेले ५ टक्के. बक्षीस थांबल्यावर सहा महिन्यांनी ते ९.४ आणि ३.६ वर आले. फिलिपिन्समधल्या एका ग्रामीण बँकेने उलटी वाट धरली. ओढणाऱ्याने स्वतःचेच पैसे सहा महिने साठवायचे, लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडला तर ते जप्त. खातं उघडणारे थोडे निघाले, तरी ज्यांना ही योजना देऊ केली त्यांच्यात वर्षभरानंतरही सोडलेल्यांचं प्रमाण जास्त राहिलं. स्वतःची पुंजी पणाला लागली की माणूस जास्त दिवस सांभाळून राहतो, असं यावरून दिसतं.

आपल्या राज्यापुरता एक धोका वेगळा काढून सांगावा लागेल. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, मिश्री, मावा, खर्रा तोंडात धरणारे २४.४ टक्के होते. सिगारेट सोडलेला माणूस चहूबाजूंनी या दुसऱ्या तंबाखूने वेढलेला असतो. तळहातावर चुना मळत बसलेला सहकारी प्रेमानेच पुढे हात करतो. धूर नाही, वास नाही, घरी कळत नाही, म्हणून ही सुटका वाटते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. वर्षभर सिगारेट न ओढलेला पण दिवसातून सहा वेळा तंबाखू लावणारा माणूस सुटलेला नाही. ई-सिगारेट भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. इंग्लंडमधल्या चाचणीत तिने सोडणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवर नेलं होतं, च्युइंगम-पट्टीवाल्यांमध्ये ते ९.९ होतं. पण वर्षाअखेर सिगारेटमुक्त राहिलेल्यांपैकी ८० टक्के लोक ती ई-सिगारेट ओढतच होते.

मदत कुठे मिळते? १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा क्रमांक मोफत आहे. दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत ही सेवा २०१६ साली सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी केंद्रं तिला जोडली गेली. इथले समुपदेशक एकदा बोलून थांबत नाहीत, नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने चाललेलं ‘मुक्तिपथ’ दारू आणि तंबाखूविरुद्ध गावपातळीवर काम करतं. अशी कामं आहेत, पण ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेली नाहीत. सरकारी दवाखान्यात ‘ओढता का?’ हा प्रश्न केसपेपरवर एकदा विचारला जातो. ‘सोडली’ असं उत्तर आलं, की तो रकाना बंद होतो.

खरं तर तिथून पुढे तो उघडा राहायला हवा. मधुमेह असलेल्याची साखर दर तीन महिन्यांनी पाहतात, रक्तदाबवाल्याला दर महिन्याला बोलावतात. सोडलेल्याला तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने एक फोन करायला आशाताई किंवा समुपदेशक पुरेसे आहेत. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला शपथ घेतलेल्यांच्या याद्या अनेक कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत पडून असतात. त्यांवर नावं असतात, फोन नंबर असतात. तिसऱ्याच दिवशी त्या यादीवरचा पहिला फोन लावता येईल.